लॉटरीचा हिशेब मागायचा कसा? खपलेली तिकिटे, दिलेली बक्षिसे आणि माहितीचा हक्क

प्रश्न डिचोलीच्या एका वाचकाचा आहे. ते दर आठवड्याला राज्य सरकारच्या लॉटरीचे तिकीट घेतात. त्यांनी विचारले आहे: "एका सोडतीत किती तिकिटे खपली, लागलेल्या बक्षिसांपैकी किती लोकांनी खरोखर नेली, आणि जी कोणी मागितलीच नाहीत त्यांचे पुढे काय झाले, हे साध्या माणसाला कळू शकते का? अर्ज कुठे आणि कसा करायचा? 'हा वितरकाच्या धंद्याचा मामला' म्हणून परत तर पाठवणार नाहीत?"

कळू शकते. बक्षीस लागलेल्या माणसाचे नाव सोडले तर बहुतेक सगळे कळू शकते. लॉटरी हा सरकारने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या बोधचिन्हाखाली केलेला व्यवहार आहे आणि त्याची कोणती कागदपत्रे ठेवायची हेही कायद्याने ठरवून दिले आहे. अडचण येते ती आपण भलताच प्रश्न विचारतो तेव्हा. "लॉटरीत घोळ आहे का?" असे विचारले तर उत्तर मिळत नाही. अमुक सोडतीच्या अमुक नोंदवहीची प्रत मागितली, तर नाही म्हणायला अधिकाऱ्याला कारण शोधावे लागते.

आधी कायदा थोडक्यात सांगतो, कारण अर्जात त्याचेच शब्द वापरायचे आहेत. लॉटरी (नियमन) अधिनियम १९९८ चा आहे. त्याच्या कलम ४ मध्ये अटी आहेत. तिकीट राज्याने छापायचे, त्यावर राज्याचे बोधचिन्ह हवे. सोडत राज्याने स्वतः काढायची आणि तीही राज्याच्या हद्दीत. विक्रीचा पैसा राज्याच्या सरकारी खात्यात जमा व्हायचा. मुदतीत कोणी न मागितलेले बक्षीस सरकारची मालमत्ता होते. आणि एका अंकावर किंवा आधीच जाहीर केलेल्या आकड्यावर बक्षीस देता येत नाही. ही शेवटची अट गाड्यावर चिठ्ठी घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. एका अंकावर पैसे लावून घेणारा माणूस 'लॉटरी' म्हणून काहीही सांगो, ती लॉटरी नव्हे. तो मटका आहे, आणि त्याची नोंदवही कुठल्याही सरकारी कपाटात सापडणार नाही. मटक्याबाबत मागता येतात ते पोलिसांनी गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक जुगार अधिनियम १९७६ खाली नोंदवलेल्या गुन्ह्यांचे आणि त्यांच्या निकालांचे आकडे, एवढेच.

१९९८ च्या कायद्याखाली केंद्राने २०१० मध्ये नियम केले. तुमच्या प्रश्नाचे उत्तर खरे तर या नियमांतच आहे. लॉटरी भरवणाऱ्या राज्याने प्रत्येक सोडतीसाठी छापलेली तिकिटे, विक्रीला दिलेली तिकिटे, विकली गेलेली तिकिटे, सोडतीच्या वेळी न विकता उरलेली तिकिटे आणि बक्षीस लागलेली तिकिटे रकमेसह नोंदवून ठेवायची आहेत. वितरकाने किंवा विक्री एजंटनेही किती तिकिटे घेतली, किती विकली आणि सोडतीच्या तारखेपर्यंत व वेळेपर्यंत किती उरली याची नोंद ठेवायची, आणि उरलेली तिकिटे पूर्ण हिशेबासह, पैसे भरल्याच्या चलनांसह सरकारला परत करायची. म्हणजे तुम्ही मागताय ती माहिती नव्याने तयार करायला कोणाला सांगत नाही. कायद्याप्रमाणे ती तयार असायलाच हवी. "अशी माहिती आमच्याकडे संकलित नाही" हे उत्तर आले, तर ते नियम मोडल्याची लेखी कबुली देणारे आहे. ते फाडून टाकू नका, जपून ठेवा.

आता गोव्यातली वाट. आपल्याकडे लॉटरीचे काम लघु बचत व लॉटरी संचालनालय बघते. त्याचे कार्यालय पणजीत आल्तिनोवर, आकाशवाणीजवळ आहे. अर्ज माहिती अधिकार कायद्याखाली, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, शुल्क दहा रुपये. चुकीच्या खात्यात अर्ज गेला तरी घाबरायचे नाही. याच कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्यांनी तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. अर्ज मराठीत करा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामांसाठी मराठीच्या वापराचीही तरतूद आहे, त्यामुळे "इंग्रजीत लिहून आणा" असे कोणी सांगितले तर नम्रपणे नकार द्या. माहिती कशाला हवी, हे सांगायची गरज नाही. कलम ६(२) ते स्पष्ट म्हणते. गोव्याने केंद्राच्या आठ वर्षे आधी, १९९७ मध्ये, स्वतःचा माहिती हक्काचा कायदा केला होता. या बाबतीत आपण कुणाच्या मागे नव्हतो, आणि ते लक्षात ठेवूनच काउंटरवर उभे राहावे.

अर्जाची भाषा फार महत्त्वाची आहे. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने सेल्सा पिंटो प्रकरणात निकाल दिला, की 'माहिती' या व्याख्येत 'का?' या प्रश्नाचे उत्तर येत नाही. देशभरातले माहिती अधिकारी आजही हा गोव्याचा निकाल पुढे करतात. म्हणून "विक्री का घटली?", "बक्षीस का दिले नाही?" अशी वाक्ये अर्जातून काढून टाका. मी लोकांना साधारण असा मजकूर लिहून देतो:

"अमुक नावाच्या साप्ताहिक लॉटरीच्या दिनांक … ते … या काळातील प्रत्येक सोडतीबाबत, लॉटरी (नियमन) नियम २०१० नुसार ठेवलेल्या नोंदींतील पुढील बाबींच्या प्रमाणित प्रती द्याव्यात: छापलेल्या तिकिटांची संख्या, वितरकाला दिलेली संख्या, विकलेली संख्या, सोडतीच्या वेळी न विकलेल्या तिकिटांची संख्या व मालिका-क्रमांक, ही न विकलेली तिकिटे किंवा त्यांची यादी कार्यालयात कोणत्या तारखेला व वेळी मिळाली, ते दाखवणारी आवक नोंद, बक्षीसपात्र क्रमांक व रक्कम, प्रत्यक्ष दिलेल्या बक्षिसांची संख्या व एकूण रक्कम, मुदतीत न मागितलेल्या बक्षिसांची एकूण रक्कम व ती सरकारी खात्यात जमा केल्याचे चलन. तसेच वितरकाशी केलेल्या कराराची प्रत. या नोंदवह्यांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचीही परवानगी द्यावी."

यात एक ओळ मुद्दाम घातली आहे: न विकलेली तिकिटे कार्यालयात कधी पोहोचली. लोक खपाचा आकडा मागतात, बक्षिसांची यादी मागतात, पण ही वेळ मागायचे विसरतात. खरी मेख तिथेच आहे. क्रमांक छापलेल्या सगळ्या तिकिटांतून काढला जात असेल, तर तो न विकलेल्या तिकिटावरही पडू शकतो. तसे झाले तर ते बक्षीस कोणालाच मिळू नये. पण उरलेल्या तिकिटांचा हिशेब सोडतीनंतर दोन-तीन दिवसांनी येत असेल, तर मधल्या काळात बक्षीस लागलेले एक तिकीट 'विकले गेले' असे दाखवायला काय लागते? नियमात "सोडतीच्या वेळेपर्यंत" हे शब्द आहेत ते याचसाठी. ही यादी सोडतीआधी बंद होऊन पोहोचत असेल, तर सगळी व्यवस्था स्वच्छ आहे असे म्हणायला भक्कम आधार मिळतो. तसे निघाले तर तेही चार लोकांना सांगा. माहिती मागणे म्हणजे आरोप करणे नव्हे. काही बंपर योजनांत पहिले बक्षीस फक्त विकलेल्या तिकिटांतूनच काढले जाते. तिथे तर विकलेल्या क्रमांकांची यादी सोडतीआधी तयार नसेल तर सोडत काढताच येणार नाही. अशा योजनेत ती यादीच मागावी.

पाहणी मागा असे मी आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. झेरॉक्समध्ये कागदाची एकच बाजू येते. आवक शिक्का, तारीख, लिपिकाची आद्याक्षरे, कधी चलनाचा क्रमांक, हे पुष्कळदा मागच्या बाजूला असते. यादी खालची तारीख टाइप केलेली असते, शिक्क्यावरची तारीख वेगळी असू शकते. समोर नोंदवही उघडली की पान उलटून बघता येते, सलग अनुक्रमांकात एखादा अंक मध्येच 'अ' लावून घुसवला आहे का ते दिसते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २(ञ) मध्ये पाहणी करणे आणि टिपणे घेणे हा हक्कच आहे. सोबत एक माणूस न्या: एकाने वाचायचे, दुसऱ्याने लिहायचे. नंतर ज्या पानांची गरज वाटेल त्यांच्याच प्रती पानाचे दोन रुपये भरून मागा.

आकडे हातात आले की ते जुळवायचे कसे? समजा एका सोडतीसाठी एक लाख तिकिटे छापली, तिकीट दहा रुपयांचे. वितरकाला ८० हजार दिली, सोडतीच्या वेळी त्याच्याकडे ३० हजार उरली. म्हणजे विक्री ५० हजारांची, पाच लाख रुपयांची. लहान बक्षिसे बहुधा तिकिटाच्या शेवटच्या चार आकड्यांवर लागतात, त्यामुळे ती सगळ्या मालिकांत सारखी विखुरलेली असतात. अर्धी तिकिटे विकली गेली असतील, तर लहान बक्षिसांपैकी साधारण अर्धी विकलेल्या तिकिटांवर पडली पाहिजेत. त्यातली काही लोक न्यायलाच येत नाहीत, म्हणून दिलेल्या बक्षिसांचे प्रमाण त्याहून थोडे कमी भरेल. जास्त भरत असेल आणि ते सोडतीमागून सोडत तसेच होत असेल, तर थांबून विचार करावा. पहिल्या बक्षिसाला ही कसोटी लावू नका. ते एकच असते, कुठेही पडेल. आणि एका सोडतीवरून काही ठरवू नका, निदान दहा-बारा सोडतींचे आकडे एका कागदावर मांडा.

दुसरी वाट हिशेबाची आहे. तिच्यासाठी आल्तिनो चढायचीही गरज नाही. माझी नोकरी लेखा विभागात गेली, त्यामुळे मला हीच वाट जास्त भरवशाची वाटते. राज्याच्या अर्थसंकल्पात लॉटरीची जमा मुख्य लेखाशीर्ष ००७५, किरकोळ सर्वसाधारण सेवा, याखाली १०३ 'राज्य लॉटऱ्या' या गौण शीर्षात दिसते. खर्च २०७५ खाली, पुन्हा १०३ मध्येच. गोव्यात राज्याचे लेखे पणजीचे लेखा संचालनालय तयार करते आणि भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक ते प्रमाणित करतात. वित्तीय लेखे दरवर्षी विधानसभेत मांडले जातात आणि महालेखापरीक्षकांच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. एका वर्षाची जमा तिथून घ्या आणि संचालनालयाने दिलेल्या सोडतवार विक्रीच्या बेरजेशी ताडून बघा. दोन्हींत मोठा फरक असेल, तर एक गोष्ट तपासा: सरकारी खात्यात विक्रीची पूर्ण रक्कम येते, की वितरक आपले कमिशन आणि वाटलेली बक्षिसे वळती करून उरलेलीच भरतो? कायदा विक्रीच्या रकमेबद्दल बोलतो, उरलेल्या रकमेबद्दल नव्हे. कराराची प्रत मागायची ती यासाठीच. पैसे भरायची पद्धत त्यात कलमवार लिहिलेली असते.

तिसरी वाट सगळ्यात सोपी आणि सगळ्यात दुर्लक्षित. तुमच्या आमदाराला सांगून पर्वरीच्या विधानसभेत अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचा, प्रश्न टाकायला लावा. उत्तर परिशिष्टासकट येते आणि विधानसभेच्या संकेतस्थळावर राहते. तुमच्या अर्जाला आलेले उत्तर तुमच्या घरातल्या फाइलमध्ये पडून राहते, हे मात्र सगळ्यांना वाचता येते. योजनेची घोषणा, तिकिटाची किंमत, बक्षिसांचा आराखडा, वितरकाचे नाव यांसाठी राजपत्र बघा. सरकारी मुद्रणालय ते संकेतस्थळावर टाकते. राजपत्राच्या तिन्ही मालिका चाळा.

आता नकाराबद्दल, कारण तुमची खरी धास्ती तीच आहे. नकाराला तीन कारणे संभवतात.

पहिले, वितरकाचे व्यापारी गुपित, माहिती अधिकार कायद्याचे कलम ८(१)(घ). हे टिकण्यासारखे नाही असे माझे स्पष्ट मत आहे. माहिती उघड झाल्याने त्रयस्थाच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसेल, हे दाखवावे लागते. होऊन गेलेल्या सोडतीत किती तिकिटे खपली, यात कसले गुपित? निविदा संपून करार झाला की ज्या करारात सरकार पक्षकार आहे तोही लोकांचा कागद होतो. शिवाय याच पोटकलमात मोठे जनहित असेल तर माहिती द्यावी असे लिहिले आहे. अधिकारी कलम ११ खाली वितरकाचे म्हणणे मागवू शकतो, वितरकाला दहा दिवस मिळतात. पण त्याचा आक्षेप आला म्हणून माहिती आपोआप बंद होत नाही. निर्णय अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो.

दुसरे, "ही नोंद वितरकाकडे आहे, आमच्याकडे नाही." इथे कलम २(च) वाचून दाखवा. सरकारी कार्यालयाला दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली खाजगी संस्थेकडून जी माहिती घेता येते, तीही 'माहिती' आहे. लॉटरीचे नियम सरकारला तो अधिकार देतात, मग मागवून देणे त्यांचे काम झाले.

तिसरे कारण मात्र खरे अवघड आहे: बक्षीस नेणाऱ्यांची नावे. पूर्वी कलम ८(१)(ञ) मध्ये वैयक्तिक माहिती कधी रोखायची याला अटी होत्या. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ ने त्या काढल्या आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आता तिथे नुसते 'वैयक्तिक माहिती' एवढेच उरले आहे. या बदलाचे मला वाईट वाटते. नावे कशी उपयोगी पडतात याचे उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात आहे. तिथे विजेत्यांची नोंद लोकांना खुली आहे. २०१४ मध्ये 'पाम बीच पोस्ट' या वर्तमानपत्राने ती यादी तपासली, तेव्हा तीच ती माणसे अशक्य वाटावे इतक्या वेळा जिंकलेली आढळली, आणि त्यांत लॉटरी विकणारे दुकानदारही होते. त्यानंतर तिथल्या लॉटरी खात्याने दुकानांवर कारवाई केली. हे कोणा लेखापरीक्षकाने नव्हे, यादी वाचणाऱ्या पत्रकाराने शोधले.

तरीही आपल्याकडे हात बांधलेले नाहीत. घरात अचानक पैसा आलेल्या माणसाचे नाव-पत्ता जगाला कळू नये, हे मलाही पटते. म्हणून नाव मागूच नका. दावा नोंदवहीची प्रत नाव, पत्ता, पॅन आणि बँक खाते झाकून मागा. कलम १० नुसार न देण्याजोगा भाग वगळून उरलेला द्यावाच लागतो. तिकीट क्रमांक, रक्कम, दाव्याची तारीख, ते तिकीट कोणत्या विक्रेत्याने विकले आणि किती प्राप्तिकर कापला, एवढे उरले तरी पुष्कळ कळते. लॉटरीच्या बक्षिसावर ३० टक्के कर आहे, त्यामुळे कापलेल्या कराच्या एकूण रकमेवरून मोठ्या बक्षिसांचा अंदाज येतो. नोंदणीकृत विक्रेत्यांनी किंवा एजंटांनी स्वतः केलेले दावे असतील, तर तेवढ्यापुरते कलम ८(२) चे जनहित मांडा. तो माणूस व्यवस्थेचाच भाग आहे, त्याला सामान्य विजेत्याची ढाल देऊ नये.

जीएसटीच्या वाटेला मात्र जाऊ नका. सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे तिथे विक्रीचा आकडा असणार हे खरे. पण एखाद्या करदात्याच्या विवरणपत्रांना त्या कायद्याच्या कलम १५८ चे कुलूप आहे. तिथे सहा महिने घालवून हाती काही लागत नाही.

तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले, तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील, त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे. तिथेही समाधान नाही झाले तर नव्वद दिवसांत पणजीच्या गोवा राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील. मुदत उलटून दिलेली माहिती कलम ७(६) नुसार फुकट द्यावी लागते आणि विनाकारण टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार दंड होऊ शकतो. अपिलात नवे काही मागू नका, मूळ अर्जात होते तेवढेच. सुनावणीला २०१० च्या नियमांची प्रत स्वतः घेऊन जा आणि नोंदी ठेवण्याच्या नियमाखाली पेन्सिलने रेघ मारून ती समोर ठेवा. लॉटरीची अपिले रोज येत नाहीत, त्यामुळे तो नियम समोरच्यांनी आधी वाचलेला असेलच असे नाही.

पहिल्या अर्जात हाव धरू नका. पाच वर्षांच्या सगळ्या योजना मागितल्या की कलम ७(९) पुढे करतात, एवढी माहिती काढायला सगळे कार्यालय गुंतेल म्हणून. एकच योजना घ्या, तीन महिन्यांच्या साप्ताहिक सोडती, म्हणजे तेरा सोडतींचा हिशेब. जोडीला करार आणि न मागितलेल्या बक्षिसांची मागच्या एका आर्थिक वर्षाची चलने. एवढ्याला दोन-तीनशे रुपयांपेक्षा जास्त खर्च येऊ नये. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. उत्तर आले की मला कळवा, आकडे मांडायला मी बसतो.